चिखलात एकट्यानं जायचं नसतं



जून उजाडला की आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "यंदा कधी?" आम्ही पाचजण. एक हैदराबादला, एक पुण्याला, एक बेंगळुरूला आणि दोघं अजून बेळगावातच. दिवाळीला सगळे येतात, पण दिवाळीत घरचे सोडत नाहीत. म्हणून आषाढातला एक शनिवार-रविवार आम्ही बाजूला काढून ठेवलेला आहे. जागा ठरलेली, खानापूरच्या बाजूला आमच्यातल्या एकाच्या मामांचा पडीक माळ. कामही ठरलेलं, एटीव्हीवरून चिखल तुडवायचा.

या सदरात सायकल आली, ट्रेक आले, घाटातल्या मोटारसायकलच्या सहली आल्या. चार चाकांच्या या प्रकाराबद्दल मात्र कधी लिहिलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या दोन-तीन मुलामुलींनी विचारलं, "काका, गोव्याला जाताना ती भाड्यानं मिळणारी क्वाड बाइक दिसते, ती चालवायची का? सोपी असते ना?" चालवायला सोपी असते, हे खरं. सांभाळायला सोपी नसते. हा लेख त्या मुलांसाठी आणि त्यांना परवानगी देणाऱ्या आई-बाबांसाठी.

आधी यंत्राची ओळख. एटीव्ही म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल आणि सीट, खाली चार फुगीर टायर. सुरुवात झाली ती तीन चाकांनी. होंडानं १९७० मध्ये अमेरिकेत यूएस-९० नावाची तीनचाकी आणली. हिवाळ्यात मोटारसायकली विकल्या जात नाहीत, तेव्हा विकायला काहीतरी द्या, अशी तिथल्या विक्रेत्यांची मागणी होती. फुग्यासारख्या मऊ टायरवर ती गाडी बर्फ, वाळू, चिखल सगळीकडे चालायची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुझुकीनं चार चाकांची क्वाडरनर आणली. तोपर्यंत तीनचाकीवरून उलटून जखमी झालेल्यांची, मेलेल्यांची संख्या इतकी वाढली होती की १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि कंपन्यांमध्ये न्यायालयामार्फत करार झाला आणि तिथं नव्या तीनचाकींची विक्री थांबली. त्याच करारानं मोठ्या इंजिनाच्या एटीव्ही सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत, हेही ठरलं.

चौथं चाक आलं म्हणून धोका संपला नाही. गाडी अरुंद, उंच आणि दोन-अडीचशे ते साडेतीनशे किलोंची. कारला दारं, छप्पर, पट्टा असतो. इथं तुम्ही वर बसलेले आणि गाडी उलटली तर तुम्ही खाली. ऑस्ट्रेलियात शेतावर क्वाड बाइक खूप वापरतात आणि तिथले बरेच मृत्यू गाडीखाली दबून झाले. म्हणून ऑक्टोबर २०२१ पासून तिथं शेतकामाच्या नव्या क्वाड बाइकला, उलटली तरी चालक चिरडू नये यासाठी, संरक्षक कमान लावणं सक्तीचं झालं. शेतात जन्म काढलेल्या माणसांनाही कमान लागते, तिथं आपण शनिवारी-रविवारी जाणारे कोण?

आता चिखलाकडे येऊ. आपण बेळगावकर या बाबतीत नशीबवान आहोत. शहराच्या पूर्वेला गेलात की काळी माती, पश्चिमेला खानापूर-जांबोटी धरलंत की तांबडी जांभ्याची माती. दोन्हीचा चिखल होतो, पण स्वभाव वेगळा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला धरून बसते. दहा फूट गेलात की टायरच्या खाचा भरून चाकाचा गुळगुळीत लाडू झालेला असतो आणि मडगार्डमध्ये माती गच्च बसते. तांबड्या मातीत वर बोटभर साय, खाली कडक जांभा. गाडी रुतत नाही, पण घसरते, आणि घसरली की थांबवणं आपल्या हातात राहत नाही. तिसरा प्रकार ओढ्याकाठचा, पानं कुजून झालेला काळपट राड. तो वरून शांत दिसतो आणि त्याची खोली काठीला कळते, डोळ्यांना कळत नाही.

एवढी जड गाडी चिखलावर चालते कशी, हा प्रश्न आमच्यातल्या सिव्हिल इंजिनिअरनं एकदा मामांच्या अंगणात कागदावर सोडवून दाखवला होता. कारच्या टायरमध्ये तीसेक पौंड हवा असते. एटीव्हीच्या टायरमध्ये चार ते सात पौंड. पाच पौंड म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण ०.३५ किलो. टायर जमिनीवर जो दाब देतो तो त्याच्या आतल्या हवेच्या दाबाच्या आसपासच असतो. आता सत्तर किलोंचा माणूस चालताना क्षणभर एका पावलावर उभा असतो आणि पावलाचा तळवा साधारण दोनशे चौरस सेंटीमीटर धरला, तर त्याचाही दाब निघतो ०.३५ किलो. म्हणजे तीनशे किलोंची गाडी जमिनीला तुमच्या पावलाइतकीच जड लागते. यातून एक साधा नियम निघतो. जिथं तुम्ही चालत जाऊन बघितलंत आणि गुडघ्यापर्यंत रुतलात, तिथं गाडीही रुतणार. म्हणून आमच्यात आधी एकजण काठी घेऊन चालत जातो. जो चालत जायला कंटाळतो, त्याला त्या दिवशी चावी मिळत नाही.

चालवण्याचं तंत्र थोडक्यात सांगतो. सीटवर बसून राहू नका, फूटरेस्टवर अर्धवट उभे राहा, गुडघे सैल ठेवा. गाडी हँडलनं वळते त्यापेक्षा जास्त तुमच्या वजनानं वळते. चढ आला की पुढं झुका, उतार आला की मागं सरका, एका अंगाला कलली की वरच्या अंगाला वजन टाका. चिखलात शिरण्याआधीच फोर-व्हील आणि लो गिअर टाका, मध्ये गेल्यावर नाही. अंगठ्याखालचा थ्रॉटल एकसारखा ठेवा. चाक जागच्या जागी भिरभिरायला लागलं की ते पुढं जात नाही, खड्डा खणत असतं. अशा वेळी थ्रॉटल सोडा, हँडल डावी-उजवीकडे हलवून टायरच्या कडांना पकड शोधू द्या, नाहीतर आल्या वाटेनं मागं या. मागं येण्यात कमीपणा नाही. इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली, तर पुन्हापुन्हा स्टार्ट मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आतला रॉड वाकला की सहलीचा खर्च दहापट होतो.

हेल्मेट, गॉगल, पोटरीपर्यंतचे बूट, हातमोजे हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. आणखी एक छोटी वस्तू, किल स्विचची दोरी. एक टोक मनगटाला, दुसरं गाडीला. माणूस गाडीवरून पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. भाड्याच्या गाडीवर ही दोरी बहुतेक वेळा हँडलला गुंडाळून ठेवलेली दिसते. ती सोडा आणि मनगटाला बांधा.

या दोरीचं मोल आम्हाला तीन वर्षांपूर्वी कळलं.

माळाच्या खालच्या अंगाला पावसानं झालेला एक खड्डा आहे, कमरेइतका खोल, पलीकडे चढ. चौघं पार झालो होतो. हैदराबादचा शेवटचा. गाडी चांगली चालवतो, आमच्यात सगळ्यात शांत तोच. चिखल ओलांडून पुढची चाकं चढाला लागली, मागची रुतली, आणि त्यानं थ्रॉटल दिला. मागची चाकं फिरायला जागा नसली की इंजिनाची सगळी ताकद गाडीचं तोंड वर उचलते. दोन सेकंदांत गाडी उभी झाली आणि मागं कोसळली. तो एका अंगाला घसरला म्हणून छाती वाचली, पण मांडीपासून खालचं अंग गाडीखाली. दोरी निघालेली होती, इंजिन बंद. चिखल मऊ म्हणून पाय मोडला नाही. पण त्याच मऊ चिखलात तो पाठीवर होता आणि पाणी कानापर्यंत आलेलं होतं. हात टेकायला घट्ट जमीन कुठंच नव्हती.

आम्ही चौघं पोहोचायला फार तर अर्धा मिनिट लागलं. एकानं त्याचं डोकं मांडीवर घेऊन पाण्याच्या वर धरलं, तिघांनी "एक, दोन, तीन" करत गाडीचा एक अंग उचलला, मग डोकं धरणाऱ्यानं त्याला मागं ओढलं. घोटा सुजला, बाकी काही नाही. मामींनी गरम पाणी दिलं, मग चहा दिला आणि मग पाचही जणांना एकत्रच झापलं. त्या रात्री जेवताना कोणी फारसं बोललं नाही. शेवटी हैदराबादचाच म्हणाला, "तुम्ही फाट्यापर्यंत पुढं गेला असता तर?"

कोणाकडे उत्तर नव्हतं. फाटा तिथून पाच मिनिटांवर आहे. पाच मिनिटं पाठीवर, हात टेकायला जागा नाही, कानाशी पाणी, वर पाऊस. तो काही वेडेवाकडे खेळ करत नव्हता, दारू प्यायला नव्हता, हेल्मेट घातलेलं होतं. सगळं नीट करूनही माणूस गाडीखाली जाऊ शकतो, आणि तेव्हा त्याला वाचवणारी गोष्ट एकच असते. ती म्हणजे मागं वळून बघणारा मित्र.

तेव्हापासून आमच्यात एक नियम लिहून ठेवल्यासारखा पाळला जातो. चिखलात गाडी शिरली की बाकीच्यांचे मोबाइल खिशात, नजर चालकावर, आणि तो पार होऊन हात वर करेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. व्हिडिओ काढायचा असेल तर बघणारे दोघं वेगळे आणि काढणारा तिसरा. तिघं हजर नसतील तर गाडी बाहेरच निघत नाही. म्हणूनच मंडळाच्या मुलांना मी सांगतो, कोणती गाडी मिळते हे नंतर विचारा, आधी बघा, बरोबर कोण आहे. जो सगळ्यात जोरात चालवतो तो ग्रुपचा हिरो वाटतो. पण शेवटच्या माणसासाठी जो थांबतो, त्याच्याबरोबर चिखलात जा.

रुतलेली गाडी काढणं हाही मित्रांचाच खेळ आहे, आणि खरं सांगायचं तर सहलीतला निम्मा वेळ त्यातच जातो. चिखल चाकाला धरून ठेवतो तो नुसत्या वजनानं नाही, खालून हवा शिरत नाही म्हणून ओढून धरतो. बूट रुतला की आपण टाच हलवून हवा आत घेतो, तसंच चाकाभोवती फावड्यानं मोकळं करायचं आणि हवा शिरू द्यायची. मग विंच. एटीव्हीची विंच साधारण अकराशे किलो ओढते, तरी चिखलानं धरलेल्या गाडीला ती कधी कधी कमी पडते. अशा वेळी दोर झाडाला लावलेल्या कप्पीतून फिरवून परत गाडीच्याच हुकात अडकवला की ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा. झाडाला दोर थेट बांधू नका, रुंद पट्टा गुंडाळा, नाहीतर साल कापली जाते. ताणलेल्या दोरावर ओलं पोतं किंवा जाड जाकीट टाका आणि दोराच्या रेषेत कोणीही उभं राहू नका. तारेचा दोर तुटला तर तो चाबकासारखा येतो, आणि त्या वेळी बाजूला व्हायला सवड मिळत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मामांनी शिकवली. पहिल्याच वर्षी त्यांनी माळ दाखवला आणि मग खालच्या भाताच्या खाचरांकडे बोट केलं. "हितं काय पण करा. थितं बांधावर चाक चढलं तर गाडी हितंच ऱ्हाईल." आम्हाला वाटलं, बांध मोडेल म्हणून म्हणतात. बांधाचं तर होतंच, पण खरं कारण त्यांनी नंतर सांगितलं. लावणीआधी चिखलणी करतात तेव्हा वरचा थर लोण्यासारखा होतो आणि त्याच्याखाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीनं एक घट्ट थर तयार झालेला असतो. तो थर पाणी धरून ठेवतो. भिरभिरणाऱ्या चाकानं तो फोडला, की खाचरातलं पाणी तिथून झिरपत राहतं. आपल्याला वरून दिसतो तो फक्त चिखल. शेतकऱ्याला त्यात पुढच्या चार महिन्यांचं पाणी दिसतं. म्हणून विचारल्याशिवाय कोणाच्याही शेतात चाक घालू नका. रिकामं दिसणारं शेतही कोणाचं तरी असतं.

मोकळा दिसणारा सडाही रिकामा नसतो. आपल्याकडचे जांभ्याचे सडे उन्हाळ्यात तव्यासारखे असतात आणि पावसाळ्यात त्यावर बोटभर उंचीची फुलं, कीटक खाणारी इवलीशी झुडपं उगवतात. आंबोलीच्या सड्यावर एक छोटा टोड सापडतो. शास्त्रज्ञांनी तो वेगळी जात म्हणून २००९ मध्ये नोंदवला. जगात तो अगदी थोड्या भागात उरलाय आणि अतिधोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तो अंडी घालतो ती दगडावर साचलेल्या उथळ डबक्यात, म्हणजे ज्या डबक्यातून गाडी उडवली की फोटो छान येतो, नेमकं त्यातच. चोर्ल्याच्या बाजूला म्हादई, खानापूरच्या बाजूला भीमगड ही अभयारण्यं आहेत, तिथं हा खेळ चालत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी घालणंही कायद्यानं मना आहे. आणि बहुतेक एटीव्हींची रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणीच होत नाही, त्यामुळं माळापर्यंत ती टेम्पोत घालूनच न्यायची. "फाट्यापासून दोनच किलोमीटर आहे" हे कारण पोलिसांना आणि विम्याला दोघांनाही चालत नाही.

ज्यांना मोठा चिखल बघायचा आहे, त्यांच्यासाठी स्पर्धाही असतात. मलेशियात १९९७ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची शर्यत होते. तिची भारतातली आवृत्ती २०१४ मध्ये गोव्यात भर पावसात सुरू झाली. तिथं जीपसारख्या फोर-बाय-फोर गाड्या असतात, एटीव्ही नाही. पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. प्रत्येक गाडीत चालकाबरोबर एक जोडीदार असतो, आणि अंगावर चिखल घेऊन दोर ओढत झाडापर्यंत धावतो तो हा जोडीदार. जिंकायचं असेल तर दोघंही तितकेच तयार लागतात.

घरी आल्यावरच्या दोन गोष्टी. एक, गाडी लगेच धुवा. वाळलेला चिखल ब्रेक आणि बेअरिंगमध्ये सिमेंटसारखा बसतो आणि रेडिएटर तुंबला की पुढच्या वेळी इंजिन तापतं. रेडिएटरवर जोराचा फवारा मारू नका, पातळ पत्रे वाकतात. दुसरी, स्वतःला लगेच धुवा. पावसाळ्यात शेताच्या पाण्यात उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोचे जंतू येतात आणि खरचटलेल्या कातडीतून अंगात शिरतात. पायाला जखम असेल तर त्या दिवशी काठावर बसून चहा करा. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घ्या. आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना "चिखलात खेळलो होतो" हे न लाजता सांगा. आईपासून लपवलंत तरी चालेल, डॉक्टरांपासून नको.

आई-बाबांनाही एक शब्द. मूल सोळाच्या आत असेल तर मोठ्या एटीव्हीचा हट्ट पुरवू नका, मागच्या सीटवरही बसवू नका. बहुतेक गाड्या एकाच माणसासाठी बनवलेल्या असतात आणि मागं वजन आलं की चढावर तोंड लवकर उचलतात. पण सोळानंतर, चांगले मित्र आणि ओळखीची जागा असेल, तर जाऊ द्या. सोबत एक काठी, एक फावडं, एक दोर आणि एक शिट्टी द्या.

चिखलात मित्रांबरोबर लोळणं ही काही अमेरिकेनं शोधलेली गोष्ट नाही. गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो होतो. अंगाला तेल लावून लहानथोर चिखलात उतरतात, कृष्ण आणि त्याच्या सवंगड्यांचे खेळ खेळतात. तिथं इंजिन नाही, हेल्मेट नाही आणि भाडंही नाही. यंदा ज्यांचं एटीव्हीचं जमणार नाही, त्यांनी बेळगावहून चोर्ल्यामार्गे माशेलला जाऊन यावं. जाताना तीन मित्र बरोबर घ्या. घसरलात तर हात द्यायला कोणीतरी लागतंच.